अंगण वाकडे

शुक्रवार, १३ मार्च

चि. दीडशहाण्यास,

अनेक आशीर्वाद. पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून लिहिले, आज ते मनापासून नाहीत. इकडे सर्व ठीक. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय, गुडघा आहे तसाच आहे. भावजयबाईंचा खोकला थांबला असेल अशी आशा करते. क्षेमकुशल संपलं. आता मुद्द्याचं.

श्रोता मंडळाचं पाक्षिक आज सकाळी दारात पडलं. दुसऱ्या पानावर तुझा लेख, 'सूर मावळताना'. मथळा वाचूनच माझा चहा निवला. तू काय लिहिलंयस ते तुलाच पुन्हा वाचून दाखवते, कारण लिहिताना तू शुद्धीवर नव्हतास असं मला वाटतं: "गेल्या शनिवारी वरचा सूर बाईंना एकदाही लागला नाही, दर वेळी किंचित खालीच राहिला. शेवटच्या बसच्या गाण्याचं शेवटचं कडवं तर त्या गायल्याच नाहीत, नुसत्या बोलल्या. बाईंनी आता थांबावं. भक्तमंडळी पियानोला दोष देतील, पण ती जुनीच म्हण आहे, नाचता येईना, अंगण वाकडे."

भक्तमंडळी! एकोणतीस वर्षं मी बाईंचा पियानो सुरात लावतेय, आणि माझा सख्खा भाऊ मला भक्तमंडळीत काढतो. तू आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्यास, निवृत्त झालास, आता हाताला चाळा नाही म्हणून गाणं मोजायला निघालायस. तिसऱ्या रांगेत बसतोस, मांडीवर वही, कान टवकारून पट्टी टिपतोस, पायाशी तुझं ते रेकॉर्डिंगचं यंत्र. आमच्या डोळ्यांत पाणी येतं तेव्हा तू पेन्सिलीला टोक करत असतोस.

तुझ्या-माझ्यात हे भांडण आजचं नाही. तुला जॅझ रेकॉर्डवरचं आवडतं. तेच गाणं, तोच श्वास, तीच तान, शंभरदा ऐकलं तरी तस्सं. मला समोर बसून ऐकलेलं आवडतं. बाई एकच गाणं एका शनिवारी रागावून म्हणतात आणि पुढच्या शनिवारी हसून म्हणतात, आणि घरी जाताना आपल्याला कळत नाही की खरं कुठलं. जॅझ म्हणजे हेच, नाहीतर घरी बसून घड्याळाची टिकटिक ऐकावी. शेवटचं कडवं त्या बोलल्या, ते मुद्दाम. बस निघून गेल्यावर माणूस गातो का? स्वतःशी पुटपुटतो. माझ्या शेजारी दातांचे डॉक्टर बसले होते, ते त्या कडव्याला रुमाल काढून बसले. तुला मात्र त्यात गळा संपलेला दिसला.

१ तारखेला रविवारी तू माझ्याकडे जेवायला आलास, माझ्या हातचं जेवलास आणि चौघांसमोर म्हणालास, "ताई, तुझ्या बाईंचं सगळंच हल्ली खाली उतरलंय. जुन्या रेकॉर्डशेजारी लावून बघ. एक तर बाई संपल्या, नाहीतर पियानो लावणाऱ्याचे कान गेले." सगळे हसले. मी उठून वाढायला घेतलं. उत्तर नव्हतं म्हणून नव्हे, हे लक्षात ठेव.

आणि पियानोचं म्हणशील, तर ७ तारखेला तो, अण्णा आयुष्यभर ज्याच्यावर पियानो लावत आले, त्या त्यांच्या ट्यूनिंग फोर्कला अचूक लागलेला होता. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. कोणीही येऊन तपासावं. तेव्हा माझ्या कानांची काळजी तू करू नकोस.

पुढच्या अंकात लेख मागे घे. दोन ओळींची दिलगिरी पुरे. उद्या शनिवार आहे, बाईंनी ते पान बघितलं नसेल एवढीच आशा करते.

तुझी, सध्या नाइलाजाने,
ताई


गुरुवार, १९ मार्च

धाकट्यास,

आशीर्वाद आहेत असं समज.

नळ दुरुस्त झाला. खोकल्यावर भावजयबाईंना वाफ घ्यायला सांग, डॉक्टर बदलून काही होत नाही.

तुझं पत्र आणि बरोबरची टेप मिळाली. मी चार पानं लिहिली, तू सहा ओळी. मोजणीवाल्याचं पत्र असंच असायचं. "ताई, फेब्रुवारीतले तीन शनिवार आणि ७ मार्च एकापुढे एक लावलेत. आवाजाकडे लक्ष देऊ नकोस, फक्त पियानो ऐक. तिन्ही शनिवारी पियानो खाली आहे, ७ तारखेला वर. माझ्या यंत्राचा दोष नाही, तपासलंय. हे काय आहे?"

टेप मी ऐकली नाही. ऐकायची मला गरज नाही.

आधी तुझ्या पराक्रमाचं फळ ऐक. १४ तारखेला सकाळी मी हत्यारांची पेटी घेऊन सभागृहावर गेले, तर दाराला कुलूप. व्यवस्थापक पायरीवर बसलेले. म्हणाले, "बाईंनी निरोप पाठवलाय. मोसमातले उरलेले तिन्ही शनिवार रद्द. कारण विचारलं तर म्हणाल्या, छापून आलंय ते वाचा." त्यांच्या मांडीवर तुझं दुसरं पान. दाराच्या काचेतून बघितलं, तर खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या होत्या, आणि रंगमंचावर पियानो एकटाच, अंगावर कापड. मी पायरीवरच थोडा वेळ बसले. मग म्हटलं, मला आत सोडा, पियानोचं काम आहे. ते म्हणाले, "कशाला आता? गाणार कोण?"

सदुसष्ट वर्षांची बाई, चाळीस वर्षं उभी राहून गायली, आणि तुझ्या एका पानाने बसली. झालं समाधान? आता घरी रेकॉर्ड लाव आणि पट्टी टिपत बस. तुला कधी काही करून दाखवायला लागलं नाही, म्हणून दुसऱ्याचं मोजणं सोपं वाटतं. अण्णांनी पियानो शिकायला बसवलं तर नवव्या वर्षी झाकण आपटून पळालास. मी राहिले. मी खुंट्या पिळायला शिकले, बोटांना घट्टे पाडून घेतले. आणि तू मला विचारतोस, पियानो खाली का! तुला काय ठाऊक तो खाली का असतो, कोणासाठी असतो आणि तीन वर्षं मी तो कसा

हे लिहून गेले. शाई आहे, खोडलं तरी तू उजेडाला धरून वाचशील. तेव्हा सांगतेच. पण हे पाक्षिकासाठी नाही. कोणाला बोललास तर अण्णांची शपथ.

तीन वर्षांपूर्वी बाईंनी मला घरी बोलावलं होतं. म्हणाल्या, "वरचा सूर आता निसटतो. सगळी गाणी अर्धा सूर खाली घ्यावी, तर बसच्या गाण्याचा शेवटचा खालचा स्वर हाताला लागत नाही, नुसती हवा येते. मला मधली जागा हवी." आता मधली जागा ना काळीत सापडते ना पांढरीत. ती आणायची तर अख्खा पियानोच खाली उतरवावा लागतो. मी उतरवला. पियानो त्यांचा स्वतःचा, त्यांच्या गाण्याखेरीज तो वाजत नाही. त्यासाठी एक जुना फोर्क घेतला आणि कानशीने तळाशी घासत घासत बाईंच्या सुराला आणला. तीन संध्याकाळी लागल्या. फलाणीच्या मऊ तुकड्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवते. असा फोर्क जगात दुसरा नाही. आम्हा दोघींशिवाय हे कोणाला माहीत नाही. बासवाला आपल्या तारा पियानोला लावतो, पियानोवाल्याला बोटांखाली पट्टी तीच. तुझी वहीसुद्धा तीन वर्षं फसली.

आणि मग तू त्या रविवारी टेपशेजारी रेकॉर्ड लावून बघून आलास, आणि म्हणालास, बाई संपल्या नाहीतर तुझे कान गेले.

मी काय बोलणार होते? खरं सांगितलं तर बाई उघड्या पडतात. गप्प बसले तर माझे कान गेले. माझे, अण्णांच्या लेकीचे! माझा तिळपापड झाला होता. शुक्रवारी सभागृहावर गेले, घासलेला फोर्क फलाणीतच ठेवला, अण्णांचा काढला. पियानो एवढा वर न्यायचा तर एका फेरीत राहत नाही, पुन्हा उतरतो. शुक्रवारी एक फेरी फिरवली, शनिवारी सकाळी दुसरी. दोनशेवर तारा, दोनदा. म्हटलं, बाई अजून पूर्ण सुरात गाऊ शकतात, त्यांनाच ठाऊक नाही. त्या गातील, तू वही मिटशील, आणि पुढच्या रविवारी मी शांतपणे विचारीन, कसं काय?

बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या.

संध्याकाळी बासवाल्याने तारा चढवताना माझ्याकडे एकदा मान वळवून बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

तर हे असं आहे, मोजणीसाहेब. अंगण वाकडंच होतं. तुझी म्हण चुकली आणि तुझे कान बरोबर निघाले, दोन्ही वेळा. याचा मला किती राग येतोय ते या कागदावर मावणार नाही.

आता मी काय करावं, ते मात्र तू सांगू नकोस.

ताई


मंगळवार, २४ मार्च

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून आहेत, पण रागही गेलेला नाही. दोन्ही एकाच पाकिटात येतायत, वेगळे करून घे.

काल सकाळी बाईंकडे गेले. त्या खिडकीशी बसून चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत होत्या. मला वाटलं होतं, रडून रडून बसल्या असतील. तसं काही नव्हतं. केस नीट बांधलेले, फक्त गळ्याला मफलर. म्हणाल्या, "या. पियानो विकायचाय, किंमत तुम्हालाच कळेल." मला खुर्चीत बसवेना.

उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. रविवारचं जेवण, तुझं वाक्य, दोन फोर्क, दोन फेऱ्या. त्यांचं काडी बांधणं चालूच होतं. काडी बांधून झाली, चष्मा घातला आणि मला पहिल्यांदाच पाहत असल्यासारख्या बघत राहिल्या.

"म्हणजे गळा गेला नव्हता," म्हणाल्या.

मी म्हटलं, "नाही बाई."

"सोळा दिवस मी तो गेला असं धरून चाललेय. सकाळी उठून एकदा सूर लावून बघते आणि भीतीने निम्म्यातच सोडते. कपाटातले कपडे काढून वाटायला ठेवलेत. ती पिशवी बघितलीत दारात?"

बघितली होती. हिरवा, चमकीचा झगा, वर्षानुवर्षं शनिवारी घालतात तो वरच होता.

मी म्हटलं, "बाई, मला वाटलं तुम्ही गाऊ शकाल. माझा विश्वास होता."

मग त्या चिडल्या. एकोणतीस वर्षांत त्यांना मी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. "विश्वास कसला? भावाला उत्तर द्यायचं होतं, म्हणून माझा गळा वापरलात! तो कागदावर लिहितो, थांबा. तुम्ही पियानो वर चढवून सांगता, गा. मला विचारतंय कोण? मी माझी जागा मागून घेतली होती तुमच्याकडून. ती माझी जागा होती. तुम्हाला ती कमीपणाची वाटली."

बाळ, ते खरंच होतं. मला ती कमीपणाची वाटली होती. तीन वर्षं तो घासलेला फोर्क पेटीच्या तळाशी ठेवत आले ते गुपित म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे. मनात कुठेतरी लाजही होती. माझ्या बाईंना असला फोर्क लागतो, याची. तू बाई संपल्या म्हणालास तेव्हा मी एवढी का पेटले ते आता कळतंय. तू जे मोठ्याने बोललास ते मी कानशीने घासताना मनात बोलून चुकले होते. तू परवडलास, तोंडावर बोललास.

आणखी एक. शेवटच्या कडव्याचं मी विचारलं. अगदी राहवेना. म्हटलं, ते बोललात ते मुद्दाम ना? म्हणाल्या, "मुद्दाम कसलं! गळा मिटला होता. तोंड उघडं ठेवून उभी राहण्यापेक्षा बोलले." मी तुला त्यावर अर्धं पान व्याख्यान दिलं होतं. ते पान फाडून टाक. दातांच्या डॉक्टरांना मात्र काही सांगू नकोस, त्यांचा रुमाल खरा होता.

मग त्यांनी हात पुढे केला. "तो फोर्क द्या." मला वाटलं बघायला मागतायत. मी फलाणीतून काढून दिला. त्यांनी गुडघ्यावर वाजवला, कानाशी नेला, डोळे मिटले आणि अगदी हळू, मफलरच्या आतल्या आत, सूर लावला. लागला, बाळ. जिथे फोर्क होता तिथेच, इकडे नाही की तिकडे नाही. मी तिथे उभी होते आणि मला रडायचासुद्धा अधिकार नव्हता.

फोर्क त्यांनी मला परत दिला नाही. म्हणाल्या, "२८ तारखेचा कार्यक्रम होईल. व्यवस्थापकांना मी कळवते. पियानो दुसऱ्याकडून लावून घेईन. संगीत शाळेत पियानो लावायला तो जाड भिंगांचा चष्मेवाला येतो ना, त्याला हा फोर्क देऊन सांगीन, एवढाच, याच्या वर नाही. गाण्याआधी लोकांनाही सांगीन की पियानो खाली आहे आणि माझ्यासाठी आहे. लपवायला लागले तिथेच चुकलं."

मी विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही बसून ऐका. एवढ्या वर्षांत कधी बसून ऐकलंत का? सारखं लक्ष पियानोकडे. कुठली तार उतरली, कुठली चढली."

दाराशी आले तर त्या मागून म्हणाल्या, "भावाला आणा बरोबर. थांबा म्हणाला त्याबद्दल मी त्याच्यावर चिडलेलीच आहे आणि तसं त्याला तोंडावर सांगणार आहे. पण पियानो हलला हे एवढ्या माणसांत त्याला एकट्याला ऐकू आलं." बघ, आता हेही ऐकून घ्यायचं मला!

तेव्हा शनिवारी ये. पाच वाजता माझ्याकडे, म्हणजे चालत वेळेवर पोचू, माझा गुडघा हल्ली घाई करू देत नाही. वही आण, यंत्र आण, पेन्सिलीला घरूनच टोक करून आण. जे ऐकशील ते लिही. बाई चुकल्या तर तेही लिही, मी पत्र पाठवणार नाही. भक्तमंडळी हा शब्द मात्र पुन्हा वापरलास तर पंगतीतून उठवीन.

आणि ७ तारखेबद्दल पाक्षिकात चार ओळी लिहायच्या आहेत. बाईंची परवानगी आहे, मी विचारून घेतलं. लिही की त्या दिवशी अंगण खरंच वाकडं होतं. ते बाईंना न विचारता कोणी वाकडं केलं तेही लिही. 'पियानो लावणाऱ्याकडून' वगैरे मोघम नको, 'माझ्या सख्ख्या बहिणीने' असं स्वच्छ लिही. लोक मला पुढे काम देणार नाहीत म्हणून तुझा हात अडखळेल. अडखळू देऊ नकोस. तुला मोजायला आवडतं ना? मग हेही नीट मोज.

हत्यारांची पेटी शनिवारी घरीच राहील. सकाळी आठला मी सवयीने उठेन, आणि काय करायचं ते मला कळणार नाही.

तुझी,
तिसऱ्या रांगेत, तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी,
ताई